मल्लव्वाचा हात

दुसऱ्या महायुद्धाची सालं होती. कल्याणीच्या शिवशंकरप्पा सावकारांकडं एक मोटारलॉरी होती आणि तिच्यामागं जोडलेला दोन चाकांचा ट्रेलर. त्यातून भुईमुगाच्या शेंगांची पोती हुमनाबादेला जायची. ट्रेलरची चाकं शरणप्पा सांभाळतो, असं सगळं गाव समजायचं.

शरणप्पाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तीन वर्षं ते काम त्याची बायको मल्लव्वा करत होती, शेडचं दार लावून. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं. तळहातावर ग्रीस घेऊन त्यात बेअरिंगची कड दाबत राहायची, पार वरून ग्रीस डोकावेपर्यंत. नट आवळून केसभर सैल सोडायचा, तो निघू नये म्हणून पिन घालायची. याला चाक भरणं म्हणायचे. हे सगळं तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं, हौसेनं.

एकदा सावकारांनी नवं बेअरिंग आणून शहरातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतलं. त्यानं नट गच्च आवळला. वाटेत कोहिनूर गावाजवळ चाकातून धूर निघाला. निरोप आला तशी नवराबायको बैलगाडीनं तिथं पोचली. भर रस्त्यात दार कुठलं लावणार? मल्लव्वानं पदर खोचला आणि ड्रायव्हरसमोर चाक उतरवून पुन्हा बसवलं.

"वा भाभी!" ड्रायव्हर म्हणाला.

तेवढ्यात सावकार आले. चाक हातानं फिरवून बघून खूश झाले. मग मल्लव्वाच्या काळ्या हातांकडं बघत म्हणाले, "हिच्या हाताला ग्रीस कामून?"

"पुसायला लावलो व्हतो तिला," शरणप्पा म्हणाला.

सावकारांनी आपल्या खांद्यावरचा शेला काढून शरणप्पाच्या खांद्यावर टाकला. ड्रायव्हरनं मान खाली घातली.

घरी आल्यावर मल्लव्वा म्हणाली, "नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"माझं काम गेलं असतं. अन् माझी इज्जत?"

"मग आता इज्जतीनंच करा."

पुढच्या वेळी तिनं ग्रीसला हात लावला न्हाई. शरणप्पानं चाचपडत एकट्यानंच चाक बसवलं. लॉरी निघायच्या वेळी मल्लव्वाला शेडच्या फरशीवर पडलेली पिन दिसली. ती धावत गेली. "थांबा! पिन ऱ्हायलीय!"

चार माणसं बघायलेली. शरणप्पा खेकसला, "तुला काय कळतंय चाकातलं? जुनी पिन हाय ती. घरात जा!"

लॉरी गेली. उतारावर चाक निघालं, ट्रेलर एका बाजूला कलंडला. मागं काय झालं म्हणून ड्रायव्हर खाली उतरला, तेवढ्यात पोत्यांची थप्पी त्याच्या पायावर कोसळली. पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

सावकारांनी शरणप्पाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "अण्णा, माज्या डोळ्यांना दिसत न्हाई. त्या दिवशी चाक बायकोनं भरलं व्हतं."

ते सगळ्यांना लगेच पटलं. बाईचा हात लागला की असंच व्हायचं, म्हणून बाजारात चर्चा झाली. शरणप्पाची कीव येऊन सावकारांनी त्याला गोदामावर राखणदार ठेवलं. मल्लव्वाला शेडात पाऊल टाकायची बंदी झाली.

ती ड्रायव्हरच्या घरी गेली. तो खाटेवर होता.

"भाभी, तुम्ही चाक भरलं असतं तर निघालं नसतं," तो म्हणाला.

"म्या भरायला पायजे व्हतं," ती म्हणाली.

पुढं ती लोकांच्या रानात खुरपायला जायची. नवऱ्याला वेळेवर भाकरी वाढायची, पण त्याच्याशी बोलायची न्हाई. तो मेला तेव्हा बायांनी तिला रडायला सांगितलं. तिला रडू आलं न्हाई, त्यावरूनही तिचं नाव खराब झालं.