निळ्या साडीतल्या बाहुलीसाठी जामखेडला

नोव्हेंबरात माझ्या एका जुन्या पोस्टखाली प्रतिक्रिया आली. "ताई ही बाहुली माझ्याकडं पण हाय. खोकं पण हाय. जामखेडला या." सोबत एक फोटो. फोटो हललेला, काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडलेला. तरी त्या पट्ट्याखालची निळी साडी मला दिसली आणि मी ऑफिसच्या खुर्चीत ताठ बसले.

इथे पहिल्यांदाच आला असाल तर थोडक्यात सांगते. मी जुन्या फॅशन डॉल जमवते. नव्वदच्या दशकात एका परदेशी कंपनीच्या बाहुल्या आपल्याकडे बनू लागल्या आणि इथल्या बाजारासाठी त्यांना चक्क साड्या नेसवल्या गेल्या. पोरींनी त्या मनसोक्त खेळून संपवल्या. केस कापले, गाल रंगवले, चपला हरवल्या. म्हणूनच साडी, ब्लाउज, दोन्ही चपला आणि खोक्यासकट शाबूत राहिलेली एखादी निघाली की तिच्यासाठी देशोदेशीचे लोक टपलेले असतात. चंदेरी काठाची निळी साडी नेसलेली बाहुली तर फार थोडा काळ निघाली. मी सात वर्षं तिच्या मागावर होते. दोनदा हाताशी येऊन हुकली.

प्रतिक्रिया देणाऱ्या सुनंदाताईंना फोन केला. जामखेडात त्यांचं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे.

"इकायचा इचार हाय ताई. पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय. मुंबईचे एकजण पंधराशे देतो म्हनलेत. पन तुमी आधी येऊन बघा. तुमचं वाचलंय मी, तुमाला बाहुल्यांची माया हाय."

त्या मायेचं काय ते पुढे येईलच. तूर्त एवढंच कबूल करते की जानेवारीतल्या एका शनिवारी पाकिटात पाच हजार घालून मी निघाले, ते स्वतःची समजूत घालतच. पंधराशेच्या पुढे पाच म्हणजे मी उदारच की! बाहुलीची खरी किंमत मला ठाऊक होती. ती नव्या पिको मशीनहून जास्त होती.

सकाळी सहाची एसटी. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे पुणे ते नगर शंभराच्या आतबाहेर पडतं. पाटीवर आता अहिल्यानगर असलं तरी कंडक्टर अजून "नगर, नगर"च ओरडतो. शिरूरपर्यंत गर्दीचा कंटाळा येतो, पुढे रस्ता मोकळा होतो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या ओलांडत साडेनऊच्या सुमारास केडगाव लागलं आणि दहाच्या आत नगरच्या स्टँडवर उतरले. तिथे मिसळ आणि चहा घेऊन जामखेडची गाडी पकडली. हा पट्टा मला नवा. मध्ये कडा, आष्टी लागतं, म्हणजे गाडी बीड जिल्ह्यात शिरून पुन्हा नगर जिल्ह्यात येते. दोन्ही बाजूंना कणसावर आलेली ज्वारी, कुठे तुरी, मध्येच नुसतं उजाड रान. दोन तास धरून चाला. थंडीचे दिवस सोडून या वाटेला आलात तर पाणी जास्त घ्या.

शेजारच्या आजींनी माझ्या मांडीवरचा डबा पाहून विचारलं, "काय हाय ह्यात? खाऊ?"

"बाहुली आहे." तुलनेसाठी मी माझ्याकडची एक बाहुली सोबत घेतली होती, ब्लाउज नसलेली.

"नातीला?"

"नाही, माझीच."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्वतःची पिशवी सावरत म्हणाल्या, "बरं हाय की. कुनाला काय, कुनाला काय."

जामखेडच्या स्टँडवर सुनंदाताईंचे यजमान, दत्ताभाऊ, टेम्पो घेऊन आले होते. मी लॉज बघून ठेवला होता. त्यांनी माझी बॅग उचलली आणि म्हणाले, "लॉजबिज काय न्हाई. घरी आमटी शिजलीय."

दुकान पुढे, घर मागे. सुनंदाताई चाळिशीच्या. गळ्यात टेप, चालताना उजवा पाय किंचित ओढतात. आधी जेवण. ज्वारीची भाकरी, कांदा आणि शिपी आमटी, म्हणजे चार-पाच डाळींची झणझणीत आमटी, कर्जत-जामखेडकडची खासियत. नाकातून पाणी आलं, तरी दोनदा वाढून घेतली. जेवणाला त्यांच्या आईही होत्या, कौसाबाई, सत्तरी ओलांडलेल्या. त्या शेजारीच मुलाकडे राहतात. पुण्याची बाई बाहुली बघायला येणार म्हणून मुद्दाम आल्या होत्या.

मग सुनंदाताईंनी कपाटातून खोकं काढलं. गुलाबी रंग विटलेला, एक कोपरा दबलेला, पण पुढचं प्लास्टिक शाबूत. आत ती. केस कारखान्यातून आल्यासारखे, कपाळाची टिकली जागच्या जागी, दोन्ही चपला पायात. निळ्या साडीच्या निऱ्या इतक्या नेमक्या की मी एवढ्या जुन्या बाहुलीच्या अशा निऱ्या कधी पाहिल्या नव्हत्या. 

"ही तुमच्याकडे कशी आली?" मी विचारलं.

सुनंदाताईंनी टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळला. "आई-अण्णा कोयत्यावर जायचे, ऊस तोडायला. मी आठ वर्षांची हुते. तिकडनं परत येताना ट्रॉलीवरनं पडले. मांडी मोडली. हितल्या एका दवाखान्यात ठिवलं, पाय वर टांगून. सात आठवडे."

"आणि आई?"

उत्तर कौसाबाईंनी दिलं. "मुकादमाकडनं उचल घेतलेली हुती बाई, आगाऊ पैशे. मुकादम आडून बसला. ती फिटायला आनखी एक खेप राहिलीवती. मी तिला एकटी टाकून गेल्ते."

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, दत्ताभाऊंनी त्याला बाहेरूनच परत पाठवलं.

त्या दवाखान्यात एक परदेशी नर्स शिकायला आली होती. तिला मराठी येत नव्हतं, सुनंदाला मराठीशिवाय काही येत नव्हतं. ती रोज खाटेजवळ बसून बोटांनी आकडे मोजून दाखवायची. जायच्या दिवशी तिने शहरातून आणलेलं हे खोकं सुनंदाच्या उशाशी ठेवलं. मग उरलेले आठवडे पाय टांगलेल्या त्या मुलीला एकच उद्योग. बाहुलीची साडी सोडायची आणि पुन्हा नेसवायची. एके दिवशी ब्लाउज खांद्यात उसवला. सुनंदा इतकी रडली की वॉर्डातल्या आयाने तिच्या हातात सुई दिली आणि पट्ट्या बांधायचा काळा दोरा.

"हे बघा." सुनंदाताईंनी पदर अलगद बाजूला केला.

निळ्या ब्लाउजच्या खांद्यावर काळ्या दोऱ्याचे पाच टाके. वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड.

मी संग्राहक आहे, म्हणून जे आधी मनात आलं तेच लिहिते. मला धस्स झालं. असल्या बाहुलीत मूळ कपड्याला हात लागलेला असला की किंमत पडते, हा पहिला नियम. सुनंदाताईंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. त्यांनी मशीनच्या खणातून टाके उसवायचं हत्यार काढलं आणि त्याचं टोक काळ्या दोऱ्याखाली घातलं.

"कापड चांगलं हाय ताई. हे उसवून निळ्या दोऱ्यानं रफू करून देते. तुमाला कळनार पन न्हाई कुठं फाटलंवतं."

"थांबा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की कौसाबाई दचकल्या.

"का वं?"

"हा तुमच्या हातचा पहिला टाका ना?"

त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "व्हय," म्हणाल्या. "पयलाच."

मी त्यांच्या हातातलं हत्यार घेऊन मशीनवर ठेवली. मग पाकीट काढलं. पैसे द्यायला नव्हे. पाकीट समोर ठेवून मी सगळं सांगून टाकलं. हिची खरी किंमत काय, मुंबईवाले पंधराशे का म्हणाले, आणि मी स्वतः पाच हजारांत कशी घेऊन जाणार होते. टाक्यांमुळे किंमत थोडी उतरेल, तरी मशीन सहज येईल, हेही सांगितलं. बोलताना कान गरम झाले होते. आता त्या मला बॅगेसकट बाहेर काढणार, असंच वाटत होतं.

सुनंदाताई एवढंच म्हणाल्या, "मंग त्यांच्यात आन तुमच्यात काय फरक?"

"आत्तापर्यंत काहीच नव्हता," मी म्हणाले.

त्या हसल्या. हसल्या याचे आभार मी कसे मानू, मला अजून कळलेलं नाही.

"आई, काय करू गं?" त्यांनी विचारलं.

कौसाबाईंनी खोकं मांडीवर घेतलं. बाहुलीकडे बघत त्या म्हणाल्या, "मी नव्हते तवा ह्या बाईनं सांभाळली माझी पोर. मशीनचं बघू कायतरी. हिला न्हाई इकायचं."

मला वाईट वाटलं का? वाटलं. सात वर्षं शोधलेली वस्तू हातभर अंतरावरून परत कपाटात गेली. पण त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलंही. तो पाच हजारांचा सौदा झाला असता तर मी ती बाहुली कशी बघितली असती रोज?

संध्याकाळी सुनंदाताईंनी माझा डबा उघडून ब्लाउज नसलेली बाहुली बाहेर काढली. "हिला उघडी ठिवलीय व्हय इतकी वर्सं?" म्हणत त्यांनी टेप लावला. टेप मोठा पडला, म्हणून दोऱ्याने माप घेतलं. चिंध्यांच्या पिशवीतून खणाचा तुकडा निवडला. पाऊण तासात नखाएवढ्या बाह्यांचा, आतून शिवण दुमडलेला ब्लाउज तयार. हुक एवढा लहान मिळेना, तर सुईने दोऱ्याचा फास आणि मणी. मी जगभरातल्या लोकांनी बाहुल्यांसाठी शिवलेले कपडे पाहिलेत. असं काम फार कमी.

पैसे विचारले तर म्हणाल्या, "तुमी खरं बोलल्या, त्यात आलं."

रविवारी सकाळी दत्ताभाऊंनी टेम्पोतून आम्हा तिघींना खर्ड्याला नेलं. जामखेडहून अर्ध्यापाऊण तासाची वाट आहे आणि तिथला भुईकोट किल्ला अजून ताठ उभा आहे. सकाळी लवकर जा, उन्हाला आडोसा कमी. पायऱ्यांशी सुनंदाताईंचा पाय दुखू लागला तसा कौसाबाईंनी काही न बोलता त्यांचा हात धरला आणि दोघी सावकाश वर आल्या. वर पोचल्यावरही कौसाबाईंनी तो सोडला नाही. परतताना एका शेताच्या बांधावर ओळखीच्या घरचा हुरडा खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीशी. निघताना माझ्या हातात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा आला. जामखेडहून दुपारी एकची गाडी मिळाली तर संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत पुण्यात पोचता. जाण्यायेण्याचं तिकीट आणि चहापाणी धरून माझे सहाशेही खर्च झाले नाहीत.

घरी आल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, मिळाली का? नाही मिळाली. मी फक्त खणाच्या ब्लाउजचा फोटो आमच्या संग्राहकांच्या गटात टाकला. आतापर्यंत सुनंदाताईंना चार ऑर्डरी गेल्यात. मशीन अजून आलेलं नाही. परवा फोनवर म्हणाल्या, "इतकं बारीक शिवून डोळे फुटायची पाळी आलीय ताई, पन लई ग्वाड वाटतंय."

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली आहे. माझ्या संग्रहातल्या एका बाहुलीच्या पाठीवर कुणा मुलीने बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं होतं. शाई उडवणारं मुरमांवरचं मलम लावून, उन्हात ठेवून मी ते तीन आठवड्यांत पूर्ण घालवलं. आमच्यात तसंच करतात. काम झाल्यावर मी अभिमानाने आधीचा आणि नंतरचा फोटो या ब्लॉगवर टाकणार होते, पण आधीचा काढायचाच राहून गेला. जामखेडहून आल्यावर ती बाहुली उजेडात धरून खूप वेळ बघितली. पाठ गुळगुळीत, स्वच्छ. नाव रूपाली होतं की रूपल, मला आठवत नाही.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून एक बाहुली आली. केस अर्धे कापलेले, पायावर मेंदी काढल्यासारखी लाल पेनाची नक्षी. मी मलमाला हात लावला नाही. पाठवणाऱ्या बाईंना फोन लावला आणि आधी विचारलं, "ही कोणाची होती?"

पलीकडून त्या सांगू लागल्या.