आधी गाय सोडली

एकोणपन्नासचा उन्हाळा लागला आणि सुलाबाईच्या घरातली चूल चोरासारखी पेटू लागली. नवरा कॉलेजात गेला की ती भाकऱ्या थापून घ्यायची, निखाऱ्यांवर पाणी मारायची आणि खिडक्या उघडून धूर हाकलायची. लालासाहेब येत ते गार भाकरीला. नुसता वास राहिला असला तरी उंबऱ्यातूनच मागं फिरत आणि ओट्यावर बसून राहत.

कोरेगावाकडच्या ऊसवाल्या घरातला हा माणूस सांगलीत इतिहास शिकवत होता. आदल्या वर्षी जानेवारीत दिल्लीत महात्माजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला, आणि इकडे गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. साधी शेतकरी माणसं एका दुपारीत जमाव कशी झाली, हे शोधायचं लालासाहेबांनी मनावर घेतलं. सुट्टी पडली की गावं धुंडाळायची. घर जळालेल्यांकडे बसायचं, जाळणाऱ्यांकडेही बसायचं. माणूस असलं ऐकतो आणि मधेच उठून जात नाही, याचं सुलाबाईला भय वाटे आणि तितकंच नवलही.

"दिसाय वाईट असते तर बरं झालं असतं," जाळणाऱ्यांबद्दल एकदा ते म्हणाले होते. "नातवाला मांडीवर घेऊन सांगत्यात, सुला. मधीच म्हणत्यात, च्या निवला, घ्या की."

एका सांजेला शेजारची हरणाबाई कुडावरून ओरडली, "काय वं मास्तरीणबाई, समद्या आळीच्या चुली पेटल्या, तुमचीच गार! सुतक हाय का काय?"

सुलाबाई हसली. आत आली आणि तिचं हसू गळालं. मयतीच्या घरातच चूल पेटत नाही. ती ओट्यावर जाऊन नवऱ्याशेजारी बसली.

"आवं, कुणाचं सुतक पाळताय?"

"मेलं कुणी न्हाई," लालासाहेब म्हणाले. मग म्हणाले, "नाथाजीमामा."

लहानपणी त्यांना खांद्यावर घेऊन विहिरीत उडी मारणारा, पोहायला शिकवणारा मामा. त्या मामाच्याच गावात ब्राह्मण शाळामास्तरांच्या विधवेचं, लीलाबाईंचं, घर जळालं होतं. आता त्या सांगलीतच, मागच्या आळीत भाड्याच्या खोलीत राहत. त्यांनी लालासाहेबांना सगळं सांगितलं होतं आणि बदल्यात एकच मागितलं होतं. "कोणी पेटवलं ते कळलं तर लपवू नका. मला आता गावातल्या प्रत्येक तोंडाचा संशय येतो. एकच तोंड द्या मला." लालासाहेबांनी शब्द दिला होता. मग मामाकडे गेले, तर मामानं आपणहून सांगितलं, "घासलेट मीच वतलं, लाला. तू इचारलंस म्हणून सांगतूया. लिव काय लिवायचं ते."

तेव्हापासून शब्दही पाळला नव्हता आणि एक ओळही लिहिली नव्हती.

"लीलाबाईंनी फिर्याद केली तर मामा तुरुंगात जाईल," ते म्हणाले.

"जाईल," सुलाबाई म्हणाली. तिच्या लेकराच्या बारशाला पाळणा त्याच मामानं डोक्यावरून आणला होता. "पर मामानं तुमास्नी खोटं सांगितलं न्हाई. तुमी बाईंस्नी खोटं कसं सांगाल? चला, मी येते."

लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. लालासाहेबांनी नाव सांगितलं, नातंही सांगितलं. सुपातला हात थांबला. बाई ओरडतील, सूप भिरकावतील, असं सुलाबाईला वाटलं.

"त्या दिवशी गोठ्यातली गाय कोणीतरी सोडली होती," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "नंतर ओढ्याकाठी सापडली. ती कोणी सोडली?"

"त्यांनीच," लालासाहेब म्हणाले. "आधी गाय सोडली. मग डबा उचलला."

एकच माणूस, एकच हात. एवढं मोठं काहीतरी नवरा एकटा उरावर घेऊन हिंडत होता, आणि ती खिडक्या उघडून धूर हाकलत बसली होती.

"फिर्यादीचं मी बघेन," लीलाबाई म्हणाल्या. "आज काही विचारू नका."

निघताना सुलाबाईच्या तोंडून गेलं, "बाई, मामानं सांगितल्या दिसापासनं ह्यांस्नी चुलीचा धूर सोसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाबाई दारात उभ्या. हातात झाकलेलं पातेलं. मयतीच्या घरी शेजारीपाजारी कडू घास घेऊन जातात, तसं पिठलं आणि भात. वाफ निघत होती.

"बसा," त्या लालासाहेबांना म्हणाल्या. "मी माफ केलेलं नाही. जेवा."

पहिला घास त्यांना गिळवेना. लीलाबाई समोर बसून राहिल्या, तो खाली उतरेपर्यंत.

"लिहा," त्या उठता उठता म्हणाल्या. "घासलेटचं लिहा. आणि गायीचंही लिहा. एक गाळलंत तर मी वाचणार नाही."

त्या गेल्या. पातेलं राहिलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायची रीत सुलाबाईच्या माहेरात नव्हती आणि सासरातही नव्हती. तिनं गूळ खाली काढला, रव्याचा डबा काढला, आणि मग तिचा हात थांबला. नवरा भिंतीला टेकून बसला होता.

"शिरा करते," ती म्हणाली. "चूल पेटवावी लागंल."

त्यांनी मान डोलावली. तिनं गोवरी मांडली, काडी ओढली. धूर वर चढला, तुळईला लागला, घरभर पसरला. लालासाहेबांचे डोळे वाहू लागले. ते जागचे उठले नाहीत.