आहेरताई आणि काळी स्क्रीन

स्क्रीन काळी राहिली की बाकीचे आधी कोड उघडायचे. आहेरताई मोबाइलचा टॉर्च लावायच्या. ओढणी डोक्यावरून थेट स्क्रीनवर ओढून आत अंधार करायच्या आणि तिरपा उजेड टाकून बघायच्या. "चित्र आलंय रे, मागचा दिवा तेवढा लागला नाय," असं ओढणीतून ऐकू यायचं. नव्या माणसाला वाटायचं, बाई वाफारा घेतायत.

नाशिकच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही दवाखान्यात पेशंटची नाडी-श्वास दाखवणाऱ्या मॉनिटरचा ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायचो, म्हणजे स्क्रीनला वीज कधी द्यायची, चित्र कधी पाठवायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम. ताई मूळच्या देवळ्याच्या. चिडल्या की "काय सांगी ऱ्हायना भो!" म्हणत अहिराणीत शिरायच्या. त्या वर्षी टीम लीड त्याच होणार, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. त्यांनी तर आईला सांगूनही टाकलं होतं.

तेवढ्यात तालुक्याच्या दवाखान्यांतून तक्रारी आल्या, मॉनिटर कधी कधी सुरूच होत नाही. ऑफिसात मात्र पठ्ठ्या दरवेळी शहाण्यासारखा लागायचा! साहेब म्हणाले, "त्यांची वायर सैल असेल. नव्या मॉनिटरांचा माल सोमवारी जाऊ द्या."

"नाय जायचा," ताई म्हणाल्या. "आपल्या टेबलाला इन्व्हर्टर आहे, साहेब. गावाकडं लाइट जाते, लगेच येते, परत जाते. तसं आपण कधी करून बघितलं?"

मॉनिटर काखोटीला मारून त्या देवळ्याला गेल्या. तिथे लाइटचा लपंडाव सुरू झाला आणि स्क्रीन काळीठिक्कर! आतली जुनी वीज पुरती उतरायच्या आत आमचा ड्रायव्हर नवी देत होता, आणि ते बिचारं स्क्रीनचं पॅनेल अडकून बसत होतं. ताईंनी ड्रायव्हरला थांबायला शिकवलं. पण त्यात माल लांबला, मोठं गिऱ्हाईक भडकलं आणि लीडचं पद दुसऱ्यालाच मिळालं.

माझं डोकंच फिरलं. जेवताना म्हटलं, "ताई, कशाला अडून बसलात? जरा गप्प बसायचं ना."

त्यांचे डोळे भरून आले. डब्याचं झाकण तसंच हातात राहिलं.

"वाईट वाटतंय रे, खोटं कशाला बोलू? आईला काय सांगू, ते कळंना. पण तिकडं एखाद्या बाळंतिणीच्या उशाशी ते काळंच राहिलं असतं, तर? लीड म्हणून तो माल पास केल्याची पहिली सही माझीच असती ना!"