मी हिरवी रंगवलेली बोडी

त्यांना काहीही विचारलं तरी ते आधी उजव्या पायातली चप्पल काढत. अनवाणी टाच जमिनीत दाबत, जराशी फिरवत आणि मगच उत्तर देत. कटंगीची बस किती वाजता आहे, असं विचारलं तरीसुद्धा. "पाय ठेवून पाहा लागते, बाई," ते म्हणत. "मंग बोला लागते."

पोरांनो, तुम्ही दोघांनी त्यांना एकदा पाहिलं आहे. व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे अंगणात एक उंच, वाकलेले आजोबा उभे होते आणि त्यांच्या एकाच पायात चप्पल का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी विषय बदलला. ते त्या दिवशी माझ्याकडे बालाघाटला का आले होते, ते आज लिहिते.

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मला घरात करमेना. तेव्हा एका संस्थेला कटंगीकडच्या गावांतल्या बोड्यांचा, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्यांचा नकाशा हवा होता. पूर्वी किती होत्या, आता किती उरल्या, हे पाहायचं होतं. काम संगणकावरचं. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवायची, प्रत्येक तुकड्याची कड गिरवायची आणि रंग भरायचा. पाण्याला निळा, शेताला हिरवा, पडीक जमिनीला पिवळा. खाली वर्षांची पट्टी असते, ती बोटाने सरकवली की एका गावाचं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं.

माझा मसाल्याचा डबा तुम्हाला आठवत असेल, प्रत्येक वाटीला चिठ्ठी. नकाशालाही मी तसाच एक नियम लावला: एका तुकड्याला एकच रंग.

गाव दाखवायला हेच आजोबा भेटले. सत्तरी ओलांडली होती, पण चालताना मलाच मागे टाकत. कुठली बोडी कुणाच्या आज्याने खोदली, कुठलं पाणी कुणाच्या शेतात उतरतं, सगळं तोंडपाठ. मी वही आणि छत्री सांभाळत मागून जात होते. एकदा थांबून म्हणाले, "बाई, तुमचा नक्शा वरून पाह्यते, तुम्ही छत्रीखालून पाह्यता. मंग जमीन कोन पाह्यते?"

वैशाख होता. त्यांच्या घराजवळच्या बोडीत पाणी नव्हतं. ओल्या गाळात त्यांनी काकडी लावली होती, दरवर्षी लावत. एक तोडली, धोतराला पुसली, मोडून अर्धी मला दिली. मी पर्समधून मिठाची पुडी काढली तेव्हा ते खूप वेळ हसत राहिले. "खा. पाण्यातलीच हाय," म्हणाले. बोडीच्या खाली त्यांच्या धानाच्या दोन बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे, होत्या. बोडीची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, एका बाजूने खचत चालली होती, तिथे त्यांनी टाच दाबून मला दाखवलं. टाच आत गेली.

घरी येऊन मी रंग भरायला बसले. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, म्हणून माझ्याकडची सगळी चित्रं उन्हाळ्यातली होती. त्यांच्या बोडीच्या जागी गर्द हिरवा चौकोन होता. पट्टी सरकवली. दरवर्षी हिरवाच. इतकं एकसारखं उत्तर पाहून मला समाधान वाटलं आणि मी तिथे शेत रंगवलं. ज्या गाळातली काकडी मी मीठ लावून खाल्ली होती, तिथे.

नकाशा छापला गेला, कोपऱ्यात माझं नाव. त्यावरूनच पाळी दुरुस्त करायच्या बोड्यांची यादी होणार होती. हे कळल्यावर ते बसने आले. मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. त्यांनी सवयीने चप्पल काढली, टाच फरशीवर दाबली आणि स्वतःच हसले. "फरशी काईच सांगत नाही." मग त्यांचं बोट शाळेवरून मारुतीच्या देवळाकडे, तिथून मोठ्या तलावाकडे गेलं आणि थांबलं.

"माही बोडी कुठी हाय, बाई?"

मी पाहिलं आणि त्या क्षणी समजलं, तो हिरवा चौकोन म्हणजे त्यांच्या काकडीचे वेल.

"फार लहान बोड्या वरून दिसत नाहीत हो," मी म्हणाले.

त्यांनी बोट नकाशावरून उचललं. मग त्यांनी मान हलवली. "हौ. एवढ्या वरून कसं दिसन? त्याची काय चूक." त्यांना उपग्रहाची दया आली होती. पाळीचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. पुढच्या यादीत नक्की घालू, असं मी सांगितलं. ते अंगणात गेले आणि तेवढ्यात तुमचा फोन आला. दुसरी चप्पल माझ्या टेबलाखालीच राहिली होती.

यादी जायला आठ दिवस होते. एक तुकडा बदलायला दहा मिनिटं पुरली असती. पण मग माझा नियमच चुकला, असं संस्थेला लिहावं लागलं असतं. आणखी किती बोड्यांत लोक काकडी लावत होते, कुणास ठाऊक. सगळा नकाशा पुन्हा करावा लागला असता. पावसाळा झाला की करू, असं मी ठरवलं. डायरीत तशी नोंदसुद्धा केली.

भादव्यात पाळ फुटली. दोन्ही बांध्या आधी गाळाने भरल्या, नंतर वाळल्या. त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "बाई, आता वरून पाहाले सोपं झालं. काईच नाही राह्यलं." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

पुढे ते तुमसरला मुलीकडे राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचं तिनेच कळवलं.

त्यानंतर मी नकाशा पुन्हा केला. दिवाळीनंतरच्या निरभ्र दिवसांची चित्रं मागवली, प्रत्येक तुकडा दोन ऋतूंत पाहिला. बऱ्याच बोड्या सापडल्या. त्यांच्यासाठी नवा रंग केला, निळ्यावर हिरव्या रेघा. संस्थेतल्या लोकांनी कौतुक केलं. आजोबांची बोडीही आता त्या रंगात दिसते, पण फक्त जुन्या वर्षांत. पट्टी शेवटपर्यंत सरकवली की तिथे पिवळा येतो.

परवा मी तिथे जाऊन आले. वेल नव्हते. छत्री मिटली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि टाच दाबली. जमीन विटेसारखी कडक होती.

मग मी बोलले. जेवणाच्या टेबलापाशी जे बोलायचं होतं ते, पहिल्यापासून, मोठ्याने. आसपास कुणीच नव्हतं.