कुत्री परत न देण्याचं कारण

आमच्या घरात कुत्री आली ती माझ्या मर्जीविरुद्ध, आणि राहिली ती माझ्या रागामुळे. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांना वाटतं मी विनयाने बोलते आहे. तसं काही नाही.

माझे यजमान धुळ्याला नोकरीला आहेत. शनिवारी जळगावला येतात, सोमवारी सकाळच्या गाडीने परत जातात. मधले दिवस घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी कॉलनी अक्का म्हणते, म्हणून मीही अक्का म्हणते. त्या पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या, बोलतात अहिराणी. सव्वीस वर्षं आमचं पटलेलं नाही. भांडणं फारशी होत नाहीत, नुसतं पटत नाही. एकाच ओट्यावर त्या त्यांची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापतात, मी माझ्या पोळ्या लाटते, आणि दोघी एकमेकींच्या तव्याकडे बघत नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला सुट्टी. हे मित्राच्या गाडीतून उतरले ते एका काळ्या-तांबड्या कुत्रीला ओढतच. तिचा उजवा कान अर्धा तुटलेला, मानेभोवती तारेने कापल्याची ओली जखम. हायवेवरच्या बंद पडलेल्या ढाब्यामागे कोणीतरी तिला तारेने बांधून सोडून गेलं होतं. धुळ्यातल्या काही मुलामुलींनी तिला सोडवून आपल्या शेडमध्ये ठेवलं होतं. हे तिथे सहज गेले आणि हिला घेऊन आले. मला न विचारता.

"तुला सुट्टीच आहे ना," हे म्हणाले. "दिवसभर घरीच असतेस."

अक्का मागच्या दारात उभ्या होत्या. "हाई काय आनं रे तू?" त्या लेकाला म्हणाल्या. "मन्हा घरमा कुत्रं नको. दोन दिनमा काढ इले."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

पट्टा सुटताच कुत्री मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीमागच्या फटीत शिरली आणि तिथेच बसली. सोमवारी हे निघून गेले. जाताना एक छापील कागद देऊन गेले, शेडवाल्यांनी दिलेला. नव्या घरात आलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत बघू नये. त्याच्या अंगावर वाकू नये. जेवणाचं ताट रोज एकाच जागी, एकाच वेळी ठेवावं. ते आपणहून येईपर्यंत हात लावू नये, घाई करू नये, आवाज चढवू नये. मी तो कागद ओट्याजवळ उभी राहून वाचला आणि माझं डोकं फिरलं. मी या घरात आले तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे मला चाळीस माणसांच्या पोळ्यांना बसवलं होतं. माझ्या डोळ्यांत बघू नका असं कोणी कोणाला छापून दिलं नव्हतं.

तरी मी ताट ठेवायचे. फरशी पुसायच्या दांड्याने ते लांबून टाकीकडे सरकवायचे. दूध-पोळी तशीच राहायची, मुंग्या लागायच्या. फटीतून गुरगुर ऐकू यायची, एकसारखी, पंप चालू राहिल्यासारखी. अक्कांना मागच्या नळावर पाय धुवायला जाता येईना. "बाई शे का वाघीन शे," असं म्हणत त्या दार आपटायच्या. दूधवाल्याच्या कॅनच्या आवाजाने ती भुंकायला लागली की तो गल्लीच्या टोकाला गेला तरी थांबायची नाही. समोरच्या काकांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या फाटकाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "अशा जनावरांना काही लोक थारा देतात. लहान मुलांना काही झाल्यास जबाबदार कोण?" मी उत्तर लिहिलं, "कुत्रीला लस टोचलेली आहे. कागद दाखवते. तुमचा दाखवा." त्यानंतर काका माझ्याशी बोललेले नाहीत. ते मला चालतं.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी अंगण झाडत होते. उन्हाने आणि चिडीने मला काही सुचत नव्हतं. टाकीजवळ कडुनिंबाचा पाचोळा साचला होता, तो ओढायला मी वाकले आणि झाडू फटीत घातला. काय झालं ते कळलं तेव्हा माझं डावं मनगट तिच्या तोंडात होतं. तिने लगेच सोडलं आणि पुन्हा मागे सरली. रक्त कोपरापर्यंत आलं.

अक्का दारात आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"सांगं व्हतं ना तुले?" एवढंच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी साबण आणि पाण्याची बादली आणून ठेवली. हातात दिली नाही, माझ्यासमोर ठेवली.

सरकारी दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेतलं, पुढच्या तारखा घेतल्या आणि तिथूनच ह्यांना फोन लावून झालं ते सांगितलं. "उद्या मी तिला धुळ्याला आणून टाकते," मी म्हटलं. ते म्हणाले, "झाडू कशाला घातलास?" मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी नशिराबादच्या एका ओळखीच्या माणसाची व्हॅन बोलावली. शेडमधला एक मुलगा कामासाठी जळगावात आला होता, त्याने जाड गोधडी टाकून तिला धरलं, तोंडाला जाळी बांधली आणि मागे बसवून दिलं. मी निघणार इतक्यात अक्का पिशवी घेऊन आल्या.

"मी बी येस," त्या म्हणाल्या. "मन्हा डोयाघाई देखसू तिले जातांना."

तिला जाताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, माझ्यावर भरवसा नव्हता. अर्ध्या वाटेत माझं मन बदलेल असं त्यांना वाटत असावं. मी सरकून त्यांना जागा केली.

दोन-अडीच तास आम्ही दोघी एका सीटवर, दोन खिडक्यांना चिकटून बसलो. मागे कुत्री. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पारोळ्याला अक्कांनी त्यांच्या गावाच्या फाट्याकडे पाहिलंही नाही. पुढे हायवेवर ट्रकांची रांग लागली तशी मागून वास आला. ड्रायव्हरने नाक दाबून आरशात पाहिलं. मी वळून बघितलं. कुत्री स्वतःच्या घाणीत पोट टेकून पडली होती आणि तिचे चारही पाय थरथरत होते. मला दया आली असं म्हणणं खोटं होईल. मला लवकर पोचायचं होतं.

शेड गावाबाहेर होतं. पत्र्याखाली वीस-पंचवीस कुत्री एकदम ओरडत होती. तिथल्या मुलीने व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आली का परत. ही तिसरी वेळ."

"तिसरी?" मी विचारलं. "आम्हाला हे सांगितलं नव्हतं."

"सरांना सांगितलं होतं की."

सर म्हणजे आमचे हे. तेवढ्यात तेही ऑफिसातून तिथे पोचले. त्यांनी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे वळून, माझ्यादेखत, हसत म्हणाले, "मला अंदाज होताच. हिच्या हातून असलं काही निभत नाही. हिला धीर नाही."

 मी नुसती तापले. बोलल्या त्या अक्का.

"तू दोन दिन ऱ्हास घरमा," त्या लेकाला म्हणाल्या. कुत्र्यांच्या ओरड्यातही त्यांचा आवाज स्पष्ट होता. "बाकीना दिन कोन देखस तिले? तू? बठ्ठा दोस इनाच शे का?"

हे गोंधळले. "आई, मी कुठे दोष देतोय?"

अक्कांनी तोंड फिरवलं. मला आजही वाटतं, त्या माझ्या बाजूने बोलल्या नाहीत, लेकाच्या विरुद्ध बोलल्या. पण मला तेवढं पुरलं. मुलीने पट्टा हातात घेतला होता. मी पुढे होऊन तो काढून घेतला.

"राहू द्या," मी म्हटलं. "ती आमच्याकडेच राहील."

"मॅडम, पुन्हा परत आणणार असाल तर—"

"आणणार नाही."

व्हॅन धुळ्याच्या बाहेर पडल्यावर अक्कांनी विचारलं, "आते?"

"आता काही नाही."

"मंग मन्हाजोडे आनू नको तिले." आपल्याजवळ नको, एवढीच त्यांची अट.

त्यानंतर मी तो छापील कागद हट्टाने पाळला. झाडू बंद केला, अंगण पाणी मारून धुवायला लागले. गळ्यातला पट्टा काढून छातीला बांधायचा तर निघण्याआधी शेडमध्येच घालून घेतला होता. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला ताट त्याच फरशीवर. दुपारी तासभर मी टाकीकडे पाठ करून खाली बसायचे, पाय आखडले तरी उठायचे नाही. कुत्री आतून बघत राहायची. तिला कळत असणार की माझ्या पाठीतही राग आहे. ती बाहेर आली नाही.

एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अक्का मागच्या उंबऱ्यावर बसून ताक आणि भाकरी खात होत्या. त्या बसलेल्या त्यांच्या सोयीने, सावली होती म्हणून. कुत्री त्यांच्या मनातही नव्हती. आणि टाकीमागून ती बाहेर येत होती. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. पोट जमिनीला घासत ती त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर आली आणि बसली. अक्का चावत राहिल्या. मग भाकरीचा एक तुकडा त्यांच्या हातातून मागे पडला. पडला की टाकला, मला सांगता येणार नाही. कुत्रीने तो उचलला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला चावली, इंजेक्शनं मी घेतली, गुडघे मी दुखवले, आणि ती गेली कोणाकडे, तर तिला घराबाहेर काढायला निघालेल्या बाईकडे! त्या संध्याकाळी मी अक्कांशी दूध उतू गेल्यावरून भांडले. त्याही भांडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तव्यावर एक भाकरी जास्त होती, बिनमिठाची. मी ती मोजली.

महिन्याभरात कुत्री कूलरसमोरच्या ओल्या फरशीवर झोपायला लागली. अक्का तिच्यावरून पाय टाकून जातात आणि "सर तिकडे" म्हणतात. ती सरत नाही. शनिवारी हे आले की ती फाटकात उभी राहून दात दाखवते. पहिल्या वेळी ते बाहेरून हाका मारत राहिले. मी आणि अक्का आत चहा पीत होतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि चहा संपेपर्यंत उठलोही नाही.

आता शाळा सुरू झाली आहे. मी घरी परतले की ती उठते, माझा हात हुंगते, जिथे चावली होती तिथे थोडं जास्त, आणि पुन्हा जाऊन आडवी होते. मानेला हात लावू देत नाही. मीही लावत नाही. अक्कांचं आणि माझं अजून पटत नाही. भाकरी मात्र आता कधी कधी मीही थापते, त्यांना गुडघ्याचा त्रास असेल त्या दिवशी. माझी जाड होते. कुत्री ती खाते. अक्का म्हणतात, कुत्रीलाच चालायची तसली.