कुशाबा, धोंडावैनी आणि छातीचा फोटो

आमच्या आणि कुशाबाच्या घरात एकच कुडाची भिंत, तीही ठिकठिकाणी फुटलेली. त्यामुळे त्याच्या संसारातलं जे त्याला ठाऊक, ते मला ठाऊक. काही तर त्याच्याही आधी.

कुशाबा गुरांचा जाणता. घोटावड्याच्या अंगाला कुणाचीही म्हैस बसली की त्यालाच बोलावणं. तो पापणी ओढून डोळा बघणार आणि सांगणार, "ही उठती," नाहीतर "ही गेली." गेली म्हटलं की मालक औषधपाणी थांबवायचा आणि ओढून न्यायला माणसं बघायचा. कुशाबाचा शब्द कधी चुकला नाही. मी म्हणायचो, "कुशा, माजाबी डोळा बघून ठेव. म्हंजी पुढच्या सालाचं बियाणं उगा घ्यायला नगं."

सत्तावन्न सालच्या भादव्यात त्याच्या बायकोला, धोंडावैनीला, ताप भरला. श्वास लोहाराच्या भात्यासारखा. बैलगाडीनं पिरंगुट गाठलं, तिथून एस्टीनं पुण्याचा दवाखाना. मीही संगतीला होतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि उजेडावर धरला.

"फुप्फुस चांगलं असलं की इथं काळं दिसतं," ते म्हणाले. "यांचं दोन्हीकडं पांढरं झालंय. न्यूमोनिया. इंजेक्शनं चालू आहेत, पण एवढं पसरल्यावर दहातले सातआठ जातात."

कुशाबानं त्या फोटोकडं म्हशीच्या डोळ्याकडं बघावं तसं बघितलं. बाहेर येऊन एवढंच बोलला, "गेली." आणि गावाकडं निघालेल्या एका माणसाजवळ मेव्हण्याला सांगावा धाडला, लुगडं घेऊन ये म्हणून. सवाष्णीचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. ते वेळेला हजर पाहिजे.

मेव्हणा हैबतराव हिरवंगार लुगडं घेऊन, डोळे पुसत कुशाबाच्या ओसरीवर येऊन बसला. आणि तिकडं पुण्यात वैनीचा ताप उतरला! दुसऱ्या फोटोत पांढरं विरत चाललेलं. डॉक्टर हसून म्हणाले, "फोटो आजचं सांगतो. उद्याचं आम्ही अंदाजानं बोलतो."

लुगडं माघारी न्यायचा हैबतरावाला धीर होईना. कुशाबानं ते भाताच्या कणगीत खुपसलं. वैनी घरी आली, पण हा ताट तसंच सारून उठायचा. मी डिवचलं, "अरं, बायकू वाचली तुजी. तोंड का असं सुतकी?"

तर म्हणाला, "मी गेली म्हनलेल्या म्हशीस्नी मागनं कुनी पानी तरी पाजत हुतं का रं?"

 

मग एक दिवस कांडायला भात काढताना वैनीच्या हाताला ते लुगडं लागलं. भिंतीअलीकडून मी सगळं ऐकतोय.

"अगं बया! माज्यासाटी आणलं? जत्रंला नेसते."

"नगं. नेसू नगंस."

"का?"

मग त्यानं सांगून टाकलं. फोटो, सांगावा, सगळं.

"सातआठ जात्यात म्हनला डाक्टर," वैनी सावकाश बोलली. "मंग दोन-तीन ऱ्हात्यात की. त्यात मला घालाय काय झालं हुतं तुमास्नी?"

"चुकलो, धोंडे. पायजे तेवढ्या शिव्या दे."

"आन आमचा दादा! भाऊबीजंला चोळीचा खण देताना जीव जातो त्याचा. मराया टेकले तर अख्खं लुगडं!"

मला हसू फुटलं, पटका तोंडात कोंबावा लागला. कुशाबा मात्र हसला नाही. "चूल पेटवतो," एवढंच म्हणाला. लाकडं ओली होती, धूर कोंडला आणि वैनीला ठसका लागला. फुंकणी थांबली. ठसका काही थांबेना. कुशाबा "धोंडे, धोंडे" करत उठला, घाईत तांब्या कलंडला.

ठसका ओसरल्यावर वैनीच बोलली, "काय? दादाला आजून एक सांगावा धाडताय?"

पलीकडून हुंदका आला. वैनीचा नव्हे.

"उगी आता," वैनी म्हणाली. "पानी द्या आदी."