यमाच्या तालमीसाठी मुका केलेला भोंगा

किस्से ऐकायला लोक मला घरी बोलावून चहा पाजतात. हा एक मात्र मी बायकोलासुद्धा सांगितलेला नाही. तुम्हाला का सांगतोय? — कोण जाणे.

नव्वदच्या दशकात मी नाशिकबाहेर, द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होतो. थंडावा अमोनियाचा. मशीनच्या खोलीत वायू सुटला की बाहेरचा भोंगा ओरडायचा — न सुटताही ओरडायचा! आणि सुरक्षा म्हणजे तेव्हा काय? मार्चातला सुरक्षा सप्ताह, भिंतीवरच्या घोषणा, आणि माझं नाटक. मी यम, रेडा म्हणून रिकामा बॅरल. मास्क न घालणाऱ्याला ओढून न्यायचो — काय शिट्ट्या पडायच्या!

त्या वर्षी तालमीत मी ऐन रंगात आलो की भोंगा केकाटायचा. पुन्हा पुन्हा. शेवटी — हो, मीच — शिडी लावली आणि त्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं. कुणी बघितलं नाही. नाटक झाल्यावर काढू म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी वायू खरंच सुटला. आमचा ऑपरेटर रफीकभाई नेहमीसारखा मशीनच्या खोलीचं दार उघडून आत शिरला. त्याचा उजवा डोळा गेला. पळापळीत मी कुठे धावलो, विचारा ना! त्याच्याकडे नाही. शिडीकडे — गोणपाट काढायला.

चौकशीत ठरलं — मास्क नव्हता, कामगाराचा निष्काळजीपणा. दवाखान्यात त्यानं विचारलं, "गलती माझीच ना, भाऊ?"

"मास्क घालायला पाहिजे होता, रफीकभाई." असं मी म्हणालो. मी!

पुढे, दोन हजार सालानंतर, आम्हाला सुरक्षा शिकवायला एक बाई आल्या. घोषणा नाहीत, दटावणी नाही. त्यांनी तीच जुनी घटना घेतली आणि म्हणाल्या, "माणूस चुकणार, हे धरूनच कारखाना उभारायचा. हा माणूस दारापर्यंत पोचला, तोवर त्याला काहीच कसं अडवलं नाही?"

माझ्या अंगावर काटा आला. इतका साधा प्रश्न — आणि इतकी वर्षं तो कुणालाच सुचला नव्हता? आम्ही माणसाला जाब विचारत होतो. ही बाई दाराला, वायू बाहेर फेकणाऱ्या पंख्याला, भोंग्याला, साहेबांच्या घाईलाही विचारत होती. मी लहान मुलासारखा आ वासून ऐकत होतो.

"कुणाला शिक्षा नाही," त्या म्हणाल्या. "काय घडलं, तेवढं सांगा."

याहून सोपं काय असतं? पण उठला रफीकभाईच. "भोंगा बिघडला असेल, मॅडम."

"जुनाच होता तो," मी म्हणालो.

दोष व्यवस्थेचा ठरला. आधी मी रफीकभाईच्या आड लपलो होतो, आता व्यवस्थेच्या. आणि टाळ्या? सगळ्यांत आधी मीच वाजवल्या — त्याही मनापासून.

रफीकभाईला मात्र ते व्यवस्था वगैरे कधी पटलं नाही. नवी माणसं कामावर आली की तो त्यांना डोळा दाखवायचा. "मी मास्क घातला नव्हता. माझ्यासारखा येडेपणा करू नका." मग माझ्याकडे वळायचा. "पुढचं तुम्ही सांगा, भाऊ. तुम्हाला चांगलं जमतं."

आणि मी सांगायचो.